अर्धा मंगर नको

चार्ली मंगर यांचं नाव घेणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. गुंतवणुकीवरचं शिबिर असो वा भाषण, वॉरन बफे यांच्या पाठोपाठ त्यांच्या या भागीदाराचं नाव येतंच. आणि त्यासोबत एक सल्ला येतो, जो ऐकून माझं डोकं उठतं. मंगर यांची विचार करण्याची पद्धत घ्या, असं सांगितलं जातं. प्रश्न उलटा करून बघणं, वेगवेगळ्या शास्त्रांतली सूत्रं वापरणं, मेंदूच्या चुका ओळखणं, हे सगळं घ्या, कारण त्यातून पैसा होतो. प्रामाणिकपणा, विश्वास, लायकी यांबद्दल ते जे बोलत राहिले ते मात्र सोडून द्या. ते एका अब्जाधीश म्हाताऱ्याचं प्रवचन आहे, त्यांना ते परवडत होतं. आपण आधी कमवू, नीतीचं मग बघू.

हे मत नुसतं चुकीचं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. ते घातक आहे. आणि ज्या माणसाच्या नावावर ते खपवलं जातं, त्याच्या अख्ख्या आयुष्याच्या ते विरोधात जातं.

मंगर यांनी स्वतःला एक कडक नियम घालून घेतला होता. समोरच्या बाजूचा युक्तिवाद त्या बाजूच्या माणसापेक्षा अधिक चांगला मांडता येत नाही, तोवर त्या विषयावर मत बाळगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तेव्हा आधी त्या बाजूचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडतो. बाजाराला नीती कळत नाही. तुमचा अंदाज बरोबर की चूक एवढंच त्याला कळतं. सज्जनाचा शेअर पडतो आणि लबाडाचा चढतो, हे रोज दिसतं. ज्याच्या हातात भांडवल नाही त्याने एखादी संधी तत्त्वापायी सोडली, तर ती दुसरा कुणीतरी उचलतोच. अमेरिकेत कायदा चालतो, आपल्याकडे ओळख चालते. शिवाय मंगर हे यशस्वी झालेले एक गृहस्थ. तेवढेच प्रामाणिक राहून बुडालेले हजारो असतील, त्यांची भाषणं कुणी छापत नाही. म्हणून त्यांच्या बुद्धीचा भाग शिकण्यासारखा आणि नीतीचा भाग वैयक्तिक आवडीचा. यापेक्षा भक्कम मांडणी या मताची होऊ शकते असं मला वाटत नाही.

आता ‘परवडत होतं’ याकडे येऊ. १९७३ साली मंगर अब्जाधीश नव्हते. बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीचं उपाध्यक्षपदही त्यांच्याकडे १९७८ मध्ये आलं. १९७३ मध्ये ते वकिली सोडून ‘व्हीलर, मंगर अँड कंपनी’ हा छोटा गुंतवणूक निधी चालवत होते. त्या वर्षी निधीने ३१.९ टक्के गमावले, पुढच्या वर्षी आणखी ३१.५ टक्के. दोन वर्षांत शंभर डॉलरचे सत्तेचाळीसही उरले नाहीत.

नेमक्या याच काळात वेस्को फायनान्शियलचं प्रकरण घडलं. कॅलिफोर्नियात पासाडेना इथे असलेली, एका बचत-कर्ज संस्थेची मालक असलेली ही कंपनी. बफे आणि मंगर यांची ज्या ब्लू चिप स्टॅम्प्समध्ये मोठी गुंतवणूक होती, त्या कंपनीकडे वेस्कोचे काही शेअर होते. वेस्कोने सांता बार्बरा फायनान्शियलमध्ये विलीन व्हायचं ठरवलं, तेव्हा या सौद्यात वेस्कोचे भागधारक नागवले जाताहेत असं दोघांचं मत पडलं. वेस्कोच्या संस्थापक कुटुंबातल्या एलिझाबेथ पीटर्स यांना त्यांनी ते पटवून दिलं आणि विलीनीकरण बारगळलं. साहजिकच वेस्कोचा भाव कोसळला. पडलेल्या भावात हवे तेवढे शेअर उचलायची आयती संधी समोर होती आणि कुठल्याही कायद्याने ती अडवलेली नव्हती. पण भाव पडला तो आपल्यामुळे. मग त्याच पडझडीचा फायदा आपण घ्यायचा, हे दोघांनाही योग्य वाटेना. त्यांनी सतरा डॉलरपर्यंत भाव देऊन शेअर घेतले. बाजारात ते बरेच स्वस्त मिळत होते.

याचं बक्षीस काय मिळालं? अमेरिकेच्या रोखे आयोगाची चौकशी. स्वस्तात मिळणारी वस्तू शहाणा माणूस मुद्दाम महाग घेईल, हे अधिकाऱ्यांच्या गळी उतरेना. यामागे विलीनीकरण मोडण्याचा डाव असणार, असा त्यांना संशय होता. १९७६ मध्ये आरोप मान्य किंवा अमान्य न करता ब्लू चिपने १,१५,००० डॉलर भरले तेव्हा प्रकरण मिटलं. त्यांच्या कंपन्यांची मालकी एकमेकींत इतकी गुंतलेली होती की संशयाला जागा होती, हे मी मान्य करतो. पुढे त्यांनी ती गुंतागुंत सोडवली. पण ‘परवडत होतं’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, यातलं नेमकं काय परवडणारं होतं? निधी निम्म्याहून खाली आलेला आणि चांगुलपणाच्याच कृत्यावरून सरकारी चौकशी मागे लागलेली. नीती ‘नंतर बघण्याची’ गोष्ट असती तर ती पुढे ढकलायला याहून योग्य वेळ कुठली होती?

आणि यातून जे उभं राहिलं तेही बघा. पीटर्स त्यानंतर कित्येक दशकं वेस्कोच्या संचालक मंडळावर राहिल्या. २०११ मध्ये कंपनी पूर्णपणे बर्कशायरमध्ये सामावेपर्यंत मंगर तिचे अध्यक्ष होते. सतरा डॉलरच्या त्या खरेदीत हा सगळा विश्वास विकत घेतला गेला होता. ज्यांना चक्रवाढ व्याज फक्त पैशाला लागतं असं वाटतं, त्यांनी मंगर यांच्याकडून काहीच घेतलेलं नाही.

१९८९ सालचं आणखी एक उदाहरण. तोवर ते खरोखरच श्रीमंत झाले होते, म्हणून ते मी पुरावा म्हणून कमी वजनाचं धरतो. पण सोडवत नाही. अमेरिकेतल्या बचत-कर्ज संस्था तेव्हा धडाधड बुडत होत्या आणि त्यांची देशव्यापी संघटना सैल हिशेब व अपुरं भांडवल यांची पाठराखण करत वॉशिंग्टनमध्ये वजन खर्च करत होती. वेस्कोची संस्थाही त्या संघटनेची सभासद होती. मंगर यांनी जाहीर पत्र लिहून सभासदत्व सोडलं आणि संघटना कर्करोगाला कारण होणाऱ्या द्रव्यासारखी आहे असं स्पष्ट म्हटलं. स्वतःच्याच धंद्यातल्या लोकांविरुद्ध. ते संकट निस्तरताना अमेरिकेच्या करदात्यांच्या खिशातून सुमारे १२४ अब्ज डॉलर गेले. त्या संघटनेत हुशार माणसं कमी होती का? आकडेमोड त्यांना येत नव्हती का?

इथे मी मूळ मुद्द्याशी येतो. बुद्धीचा भाग वेगळा आणि नीतीचा वेगळा, ही फाळणीच खोटी आहे. मंगर यांनी १९९५ मध्ये हार्वर्डमध्ये माणसाच्या चुकीच्या निर्णयांवर जे भाषण दिलं, त्यात चुकीची चोवीस कारणं सांगितली. दहा वर्षांनी पुस्तकात छापताना ती पंचवीस केली. ही यादी आपल्याकडे गुंतवणुकीच्या युक्त्या म्हणून फिरते. ती नीट वाचली तर दिसतं की जवळजवळ प्रत्येक कलम माणूस स्वतःशी खोटं कसं बोलतो याचं वर्णन आहे. ज्यात आपला फायदा तेच बरोबर वाटू लागतं. एकदा बोलून गेलो की ते खरं करून दाखवायला पुरावे वाकवले जातात. वेदना देणारी गोष्ट घडलीच नाही असं मन ठरवतं. आसपासचे सगळे करतात ते चूक असूच शकत नाही, असं वाटतं. यातली कुठली चूक बुद्धीची आणि कुठली नीतीची, हे वेगळं काढून दाखवा. घोटाळा करणारा माणूस बहुतेक वेळा आधी स्वतःला फसवतो आणि मग जगाला.

सॉलोमन ब्रदर्सचं प्रकरण मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. वॉल स्ट्रीटवरची ही बलाढ्य पेढी. बर्कशायरने १९८७ मध्ये तिच्यात ७० कोटी डॉलर गुंतवले आणि बफे-मंगर दोघेही तिच्या संचालक मंडळावर आले. सरकारी कर्जरोख्यांच्या लिलावात पेढीतल्या एका अधिकाऱ्याने ग्राहकांच्या नावाने खोट्या बोली लावल्या. वरिष्ठांना हे १९९१ च्या एप्रिलअखेर कळलं. त्यांनी स्वतः काही खोटं केलं नव्हतं. सरकारला कळवायचं काम त्यांनी फक्त उद्यावर टाकलं, आणि तो उद्या ऑगस्ट उजाडला तरी आला नाही. ऑगस्टमध्ये पेढीच्या वकिलाने मंगर यांना फोनवर हकीकत सांगितली. प्रकरणाचा काही भाग एप्रिलपासून माहीत होता, असं तो म्हणाला. माहीत होता म्हणजे कुणाला, असं मंगर यांनी तिथल्या तिथे विचारलं, आणि मग वरिष्ठांची नावं बाहेर आली. प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं, २९ कोटी डॉलर भरावे लागले आणि पेढी दिवाळखोरीच्या काठावरून परत आली. एक अप्रिय फोन तीन महिन्यांहून जास्त काळ न करणं, एवढीच ती चूक. तिला निर्णयातली चूक म्हणा किंवा सचोटीतली. त्या तीन महिन्यांत ती दोन्ही होती. बाजाराला नीती कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी सॉलोमनच्या भागधारकांना विचारावं.

‘हे अमेरिकेत चालतं, आपल्याकडे नाही’ या वाक्याची मला सर्वात जास्त चीड आहे. सॉलोमन अमेरिकेतच घडलं, हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेली एन्रॉन कंपनीही तिथलीच. तिथली माणसं जन्माने सचोटीची आणि आपली जन्माने लबाड, असं मंगर यांनी कधी मानलं नाही. उलट माणूस कुठलाही असो, त्याच्यापुढे ठेवलेलं आमिष त्याला कुठे नेईल हे आधी बघा, असं ते सांगत. त्यांच्या यादीत पहिलं कलम तेच आहे. ते उदाहरण देत, कुरिअर कंपनी फेडएक्समध्ये रात्रपाळीचे लोक तासाच्या पगारावर होते तोवर पार्सलं वेळेवर विमानात चढत नव्हती; पाळीचा ठराविक पगार देऊन काम संपताच घरी जायची मुभा दिली आणि अडचण सुटली. कुणाला नीतिपाठ दिला नाही. दुकानातल्या गल्ल्यावर बिल छापणारं यंत्र आलं आणि नोकरांची चोरी अवघड झाली. मंगर यांच्या मते त्या यंत्राने लोकांना प्रामाणिक ठेवण्याचं काम चर्चपेक्षाही अधिक केलं. त्यांची नीती अशी कामाची होती. चोरी सोपी ठेवणं हीच त्यांच्या लेखी अनीती होती.

हीच फूटपट्टी घेऊन आपल्याकडे बघा. मुदत ठेवीच्या नूतनीकरणाला गेलेल्या निवृत्त शिक्षकाला बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर युलिप ही विमा-गुंतवणुकीची योजना विकतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघायचं की त्याचं महिन्याचं टार्गेट? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढायला सुरुवातीला फक्त हजार रुपयांची मर्यादा आली. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होतं, आणि ते लपवायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती तयार केली होती. एकवीस हजार! ती उघडणारे हात होते, तपासणारे डोळे होते, सही करणारे लेखापरीक्षक होते. त्यांतल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या क्षणी ‘आपल्याकडे हे असंच चालतं’ असं मनाशी म्हटलं असेल. शाखेबाहेर पासबुक हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसांना सांगून बघा की नीती ही श्रीमंतांची चैन आहे. त्यांच्याइतकी गरज नीतीची कुणाला होती?

मंगर यांचा फोटो लावून जे सर्वात जोरात विकलं जातं ते म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे वर्ग. याला मी ढळढळीत फसवणूक म्हणतो. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक कोटीहून अधिक व्यक्तींनी या व्यवहारांत हात घातला. त्यांतल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे. व्यवहारखर्चातच सुमारे ५० हजार कोटी गेले, त्यातले निम्मे ब्रोकरच्या खिशात. वर्षानुवर्षं हातात धरून ठेवण्याजोगे मोजके धंदे शोधणाऱ्या, बाकीचा वेळ वाचन करण्यात घालवणाऱ्या आणि जुगारी वृत्तीचा मनापासून तिटकारा असणाऱ्या माणसाचं नाव या धंद्याला? शिकवणाऱ्याला फी मिळते, ब्रोकरला दलाली मिळते, शिकणाऱ्याचा पगार जातो. आमिष ओळखा हे मंगर यांचं पहिलं सूत्र विद्यार्थ्याने शिकवणाऱ्यालाच लावलं, तर वर्ग रिकामा होईल. म्हणूनच ते सूत्र तिथे अर्धंच शिकवलं जातं.

या शिबिरवाल्यांना एक अनपेक्षित मित्र आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायला मला जास्त जड जातं, कारण तो आपल्याच घरातला आहे. पैसा आणि सचोटी एका छपराखाली नांदत नाहीत, ही मराठी मध्यमवर्गाची जुनी समजूत. नोकरी करणारा सरळ, धंदा करणारा काहीतरी लबाडी केल्याशिवाय वर येत नाही. हे नीतीच्या बाजूचं वाटतं, पण शिबिरवालाही नेमकं हेच सांगतो. फरक एवढाच की त्याने लबाडी निवडली आणि आपण दूर उभं राहून नाक मुरडलं. या समजुतीने लबाडाला मोकळं रान मिळतं, कारण सगळे चोरच आहेत असं एकदा मानलं की कुठला चोर आणि कुठला नाही हे तपासायचे कष्ट उरत नाहीत. आणि सरळपणे धंदा करू बघणाऱ्या मुलीला आपण घरातच सांगतो की बाई, हे तुझं काम नव्हे. आता कॉस्टको ही अमेरिकी दुकानांची साखळी बघा. तिच्या संचालक मंडळावर मंगर १९९७ पासून मृत्यूपर्यंत होते. ही कंपनी वस्तूंवर साधारण चौदा-पंधरा टक्क्यांहून जास्त नफा चढवत नाही, नोकरांना त्या धंद्यात चांगला मानला जाणारा पगार देते, आणि जगातल्या सर्वात मोठ्या किरकोळ विक्रेत्यांपैकी एक आहे. ग्राहकाला लुबाडल्याशिवाय मोठं होता येत नाही असं म्हणणाऱ्याने या कंपनीचं काय करायचं?

राहिला नशिबाचा आक्षेप. तो या सगळ्यांत हुशार आहे, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. मंगर नशीबवान होते, हे खरं. पण तिशी गाठण्याआधीच घटस्फोट, पुढे नऊ वर्षांच्या मुलाचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू, आणि उतारवयाकडे झुकताना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेलेला डावा डोळा, हेही त्याच नशिबात होतं. दैवाला दोष देत बसणं हा त्यांच्या मते आयुष्य नासवायचा खात्रीचा मार्ग होता. आणि मुळात आक्षेप लागू कुठे होतो? एखाद्या शेअरने किती परतावा दिला यात नशीब असतं. ग्राहकाला खरं सांगायचं की खोटं, यात कसलं नशीब? प्रामाणिक राहून बुडालेले हजारो असतील, मान्य. लबाडी करून बुडालेले त्यांच्यापेक्षा कमी आहेत असं कुणी दाखवून दिलंय का? आणि ते बुडताना सोबत किती ठेवीदारांना घेऊन गेले, हा हिशेब कुणी मांडायचा?

मंगर चुकले नाहीत असं माझं म्हणणं नाही. सांता बार्बराच्या विद्यापीठासाठी त्यांनी आखलेलं वसतिगृह, ज्यातल्या बहुतेक खोल्यांना खरी खिडकीच नव्हती, ही हट्टी चूक होती; आपल्या जाणकारीच्या कक्षेबाहेर पाऊल टाकू नये हा स्वतःचाच नियम त्यांनी तिथे मोडला, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो आराखडा सोडून दिला. अलीबाबा या चिनी कंपनीतली गुंतवणूक फसली तेव्हा मात्र नव्व्याण्णवाव्या वर्षी, भागधारकांच्या सभेत, ही आपल्या सर्वात वाईट चुकांपैकी एक होती असं त्यांनी सांगून टाकलं. त्या वयात, त्या कीर्तीला, गप्प बसणं किती सोपं होतं! स्वतःच्या चुकीवर पांघरूण न घालणं हा नीतीचा भाग की बुद्धीचा, हे त्यांची अर्धीच शिकवण विकणाऱ्यांनी ठरवून सांगावं.

२००७ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्यांनी सांगितलं की आपल्याला जे हवं आहे ते मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या लायकीचं होणं. आपल्याकडच्या वर्गांत हे सांगत नाहीत, कारण लायकी तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बसत नाही. माझी मागणी साधी आहे. मंगर शिकवायचेच असतील तर पहिल्या तासाला वेस्कोचे सतरा डॉलर शिकवा. दुसऱ्या तासाला १९८९ चं पत्र आणि सॉलोमनमधले तीन महिने शिकवा. तिसऱ्या तासाला आपल्या वर्गाची फी, ब्रोकरकडून मिळणारं कमिशन आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांचा नफा-तोटा फळ्यावर लिहा. ते लिहायची तयारी नसेल, तर जाहिरातीवरून त्यांचा फोटो उतरवा.